थिंकपॅड टी४८० वर लिनक्स : वाटेत अडला तर जागेवर उभा राहतो का?

लेनोवोचा थिंकपॅड टी४८० हा लॅपटॉप सध्या सेकंडहँड बाजारात ढिगानं मिळतो. मॉडेल २०१८ चं. कंपन्यांनी वापरून सोडलेला माल पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर येऊन पडतो. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकायला हा चांगला, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. इथे प्रश्न वेगळा आहे. रेल्वेत, लॉजवर किंवा गिऱ्हाइकाच्या ऑफिसात तो हटून बसला, तर हातात असलेल्या सामानावर उठतो का? बहुतेक वेळा उठतो. एक बिघाड मात्र असा आहे की त्याला वाटेत इलाज नाही. त्याचा बंदोबस्त निघण्यापूर्वी घरीच करावा लागतो, म्हणून सुरुवात त्यानंच.

२०१७ ते २०१९ या काळातल्या बऱ्याच थिंकपॅडांमध्ये थंडरबोल्ट कंट्रोलरच्या (यूएसबी-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, दोष होता. लेनोवोनं स्वतः तसं जाहीर करून अपडेट दिलं. टी४८० त्या यादीत आहे. लक्षणं अशी : यूएसबी-सी पोर्ट काम करत नाही, डॉक (जास्तीचे पोर्ट देणारा जोडडबा) दिसत नाही, एचडीएमआयवर चित्र येत नाही, यूएसबी-सीला लावलेल्या चार्जरवर बॅटरी भरत नाही, कधी सुरू होतानाच मशीन अडकतं. या लॅपटॉपला गोल किंवा चौकोनी पिनचं जुनं चार्जिंग तोंड नाही, सगळं यूएसबी-सीवरच. त्यामुळे हा दोष उपटला की मशीन उपाशी राहतं. लिनक्समध्ये एफडब्ल्यूयूपीडी नावाचं फर्मवेअर अपडेट करणारं साधन असतं. त्याच्या उपकरणांच्या यादीत थंडरबोल्ट कंट्रोलर आणि त्याची आवृत्ती दिसायला हवी. पोर्टाला काही जोडलेलं नसेल तर कंट्रोलर झोपलेला असतो आणि यादीत येत नाही, तेवढ्यावरून तो मेला असं समजू नका. यादीतली आवृत्ती लेनोवोच्या पानावरच्या आवृत्तीशी ताडून पाहा. जुनी असेल तर अपडेट करा, आणि ते चालू असताना चार्जर काढू नका. एकदा नुकसान झालं की अपडेट लागत नाही, काम थेट बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे जातं.

त्याच पोर्टांचं दुसरं दुखणं यांत्रिक आहे. दोन्ही यूएसबी-सी तोंडं थेट मदरबोर्डवर डाग दिलेली आहेत. बर्थवर बसून काम करताना केबल मांडीत अडकते, तिला आडवा झटका बसतो आणि पोर्ट ढिला होतो. काटकोनात वळलेल्या टोकाची केबल घेतली की हा धोका बराच कमी होतो. आणि दोन पोर्ट आळीपाळीनं वापरा, एकट्यालाच राबवू नका.

आता या मशीनचं खरं बलस्थान, म्हणजे बॅटरी. आत एक २४ वॉट-तासाची बसवलेली आणि मागे एक काढता येणारी. मागची तीन आकारांत येते : २४, ४८ आणि ७२ वॉट-तास. ७२ ची लावली की लॅपटॉप मागून उचलल्यासारखा तिरका बसतो आणि वजन पावणेदोन किलोच्या पुढे जातं, पण दोन्ही मिळून ९६ वॉट-तास होतात. वायफाय चालू, उजेड निम्मा, टायपिंग आणि ब्राउझर एवढ्याच कामाला मशीन ७-८ वॉट ओढतं असं धरलं, तर नव्या बॅटरीवर बारा तास निघतात. मागची आधी संपते, आतली नंतर. आतलीच्या जोरावर लॅपटॉप चालू असताना मागची काढून दुसरी लावता येते. ही सोय रात्रीच्या गाडीत फार कामाची, कारण रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं धोरण रेल्वेनं २०२१ मध्ये राबवायला घेतलं.

पण आतली बॅटरी थकलेली असेल तर ही सोय उलटते. मागची संपली की भार आतलीवर येतो, ती तो पेलत नाही आणि मशीन फाटकन बंद पडतं. लोक मग लिनक्सला दोष देतात. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘यूपॉवर’ ही आज्ञा, एक आडवी रेघ आणि ‘डी’ अशी द्या. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलला अर्थातच रोमन लिपी लागते.) दोन बॅटऱ्यांची माहिती वेगवेगळी येईल : बॅट-शून्य ही आतली, बॅट-एक ही मागची. ‘कपॅसिटी’च्या ओळीत मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली ते कळतं. आतली ६० टक्क्यांच्या खाली असेल तर चालू मशीनवर बॅटरी बदलायच्या भरीला पडू नका, किंवा निघण्यापूर्वी नवी बसवून घ्या.

घरी सतत चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपला टीएलपी या वीज वाचवणाऱ्या साधनात ७५ ला चार्जिंग सुरू, ८० ला बंद अशी मर्यादा घालून ठेवतात. चांगली सवय आहे. मात्र ती मर्यादा विसरून माणूस गाडीत बसतो आणि ‘८० च्या वर भरतच नाही’ म्हणून चार्जर बदलत राहतो. आदल्या रात्री टीएलपीची ‘फुलचार्ज’ आज्ञा बॅट-एकसाठी द्यायची आणि ती भरली की बॅट-शून्यसाठी. मर्यादा तात्पुरती उठते, पुढच्या वेळी परत लागू होते.

चार्जरबद्दल मोठा गैरसमज म्हणजे ‘फोनचा चार्जर ६५ वॉटचा आहे, मग चालेलच’. टी४८० ला यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या पद्धतीनं २० व्होल्ट लागतात. बरेच फोन-चार्जर मोठा आकडा फक्त आपल्या फोनशी, आपल्या खास पद्धतीनं बोलून देतात. परक्या उपकरणाला ५ किंवा ९ व्होल्टच. चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा : ‘२०V’ आणि पुढे किमान २.२५ अँपिअर, म्हणजे ४५ वॉट, असं लिहिलेलं असेल तर काम होईल. ६५ वॉट असेल तर काम चालू असतानाही बॅटरी नीट भरते. बसमधला यूएसबी पॉइंट ५ व्होल्टचा, तो फोनापुरता. डब्यातल्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात, त्याची काळजी नको. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो. सॉकेट सैल असेल तर जाड तीन पिनांचा प्लग हिसक्यानं निसटतो, दोन पिनांचा छोटा चार्जर बरा टिकतो. विमानात सुटी बॅटरी आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची; १०० वॉट-तासांची मर्यादा ७२ वाली ओलांडत नाही.

चार्जर लावल्यावर मशीन एकदम गोगलगाय झालं, माऊसचा बाणही अडखळतोय, अशी तक्रार असेल तर प्रोसेसरचा वेग पाहा. तो ४०० मेगाहर्ट्झवर खिळलेला असेल तर चार्जर किंवा बॅटरीकडून आलेल्या इशाऱ्यानं प्रोसेसरनं हात आखडले आहेत. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पालथा घालून तळाशी असलेल्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबा, मिनिटभर थांबा, मग चार्जर लावून सुरू करा. पॉवर बटणाला काहीच दाद देत नसेल तेव्हाही पहिला उपाय हाच. पेपरक्लिप पाऊचमध्ये असू द्या, गाडीत ती कुणाकडे मिळत नाही. वेग ४०० वर नाही, पण जड कामात ८० अंशांच्या आसपास पोचताच खाली येतो, हे निराळं प्रकरण. लिनक्सवर या पिढीचे थिंकपॅड तापण्याआधीच ब्रेक मारतात. ‘थ्रॉटल्ड’ नावाचं साधन ती मर्यादा वर नेतं. प्रवासात त्याची गरज नाही. मांडीवर गार लॅपटॉप बरा.

नेटवर्क हा प्रवासातला सगळ्यात कटकटीचा भाग. त्यात दोष लॅपटॉपचा कमी आणि आपल्याच सेटिंगचा जास्त असतो. स्टेशनवरचं रेल्वायर वायफाय घ्या. दिवसातला पहिला अर्धा तास फुकट, मोबाइलवर ओटीपी येतो. लिनक्सवर चित्र असं दिसतं : वायफाय जोडलं गेलं, चिन्हावर प्रश्नचिन्ह, लॉगिनचं पान काही उघडत नाही. पानं न उघडण्याची कारणं ठरलेली आहेत. व्हीपीएन (सगळी रहदारी गुप्त बोगद्यातून नेणारी जोडणी) आपोआप सुरू होणारं असेल तर ते आधी बंद करा. लॉगिन होईपर्यंत बाहेरची वाटच बंद असते, मग बोगदा कुठून खणणार? दुसरं, ब्राउझरमधलं सुरक्षित डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. तुम्ही ठरावीक सर्व्हरकडेच जायचं म्हणून सांगितलेलं असतं आणि स्टेशनचं वायफाय तुम्हाला आपल्या पानाकडे वळवायला बघतं. तात्पुरतं ते बंद करा. तिसरं, पत्ता एचटीटीपीएसचा (सुरक्षित, कुलूपवाला) टाकलात तर वळवणं जमत नाही, नुसती प्रमाणपत्राची चूक दिसते. ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हे पान मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेलं आहे, ते उघडा.

तेही जमलं नाही तर टर्मिनलमध्ये ‘आयपी राऊट’ द्या. पहिल्या ओळीत ‘डिफॉल्ट व्हाया’ आणि पुढे एक आकडा येतो, समजा १०.५.०.१. तो आकडाच ब्राउझरच्या पत्त्यात टाका. बऱ्याच लॉजचं लॉगिन पान तिथेच बसलेलं असतं.

डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) वापरणाऱ्यांना आणखी एक फास. डॉकर स्वतःसाठी १७२.१७ नं सुरू होणारे पत्ते धरून ठेवतो. हॉटेलच्या वायफायनंही तेच पत्ते वाटले तर लॅपटॉप डेटाची पाकिटं राउटरऐवजी स्वतःच्याच डॉकरकडे धाडतो. सगळं जोडलेलं दिसतं, पण काहीच हलत नाही. ‘आयपी राऊट’च्या यादीत वायफायच्या ओळीतही १७२.१७ आणि डॉकर-शून्यच्या ओळीतही १७२.१७ दिसलं की समजा. डॉकरची सेवा थांबवून डॉकर-शून्य हा इंटरफेस काढून टाका. घरी आल्यावर डॉकरच्या सेटिंगमध्ये त्याला दुसरी गल्ली नेमून द्या.

लॉगिन होतं पण वायफाय तोडून जोडलं की पुन्हा ओटीपी मागतं? नेटवर्क मॅनेजर (जोडण्या सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) दर वेळी नवा मॅक पत्ता (वायफाय कार्डाची ओळख) दाखवत असेल. त्या जोडणीपुरता पत्ता ‘स्टेबल’ करा.

झोपेतून उठल्यावर वायफायच दिसेनासं झालं तर रीबूट करायची घाई नको. मूळ कार्ड बहुधा इंटेल ८२६५ असतं. मॉडप्रोब (ड्रायव्हर चढवायची-उतरवायची आज्ञा) हिच्या ‘आर’ पर्यायानं आधी आयडब्ल्यूएलएमव्हीएम, मग आयडब्ल्यूएलवायफाय ही मॉड्यूल काढा आणि दुसरं पुन्हा चढवा, पहिलं त्याच्यामागोमाग येतं. दहा सेकंदांत नेटवर्कची यादी परत दिसते. त्याआधी एफ८ चुकून दाबलं गेलंय का तेवढं पाहा, ती विमान मोडची कळ आहे. कमजोर सिग्नलवर वायफाय सारखं डुलकी घेत असेल तर नेटवर्क मॅनेजरच्या वायफाय पॉवरसेव्हच्या फाइलमध्ये ३ च्या जागी २ लिहा.

खरं सांगायचं तर चालत्या गाडीत या सगळ्यापेक्षा फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करणं सरस. लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, जोडणी हॉटस्पॉटपेक्षा स्थिर राहते. फोन लॅपटॉपची बॅटरी खातो, ही त्याची किंमत. जोडणीला ‘मीटर्ड’ (मोजका डेटा) म्हणून खूण करायला विसरू नका, नाहीतर पार्श्वभूमीत अपडेट उतरून दिवसाचा डेटा कसाऱ्याच्या आतच संपेल. हॉटस्पॉटच वापरायचा असेल आणि तो यादीत दिसत नसेल तर फोनमध्ये त्याला २.४ गिगाहर्ट्झवर आणा. लॅपटॉपमध्ये सिमचा खाचा दिसला म्हणून भुलूही नका. बऱ्याच मशीनमध्ये खाचा असतो, मॉडेम नसतो.

झोपेच्या बाबतीत टी४८० पुढच्या पिढ्यांपेक्षा शहाणा आहे. जुन्या पद्धतीची गाढ झोप त्याला येते. ‘सिस’ फोल्डरातल्या पॉवरखालची मेम-स्लीप फाइल वाचली की ‘डीप’ या शब्दाभोवती चौकोनी कंस दिसायला हवा. कंस दुसऱ्या पर्यायाभोवती असेल तर बॅगेत लॅपटॉप तापत राहतो. कंस बरोबर आहे, तरीही बॅग गरम? वायरलेस माऊसचा टिकलीएवढा रिसीव्हर पोर्टात राहिला असेल. बॅगेत माऊसचं बटण दाबलं जातं आणि लॅपटॉप जागा होतो.

पडदा गोठला तर पॉवर बटण धरून बसू नका. आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३. इथे एक खोच आहे : एफच्या कळा आवाज-उजेडाच्या मोडमध्ये असतील तर सोबत एफएनही दाबावं लागतं, नाहीतर आवाज वाढण्यापलीकडे काही होत नाही आणि माणसाला वाटतं मशीन मेलं. काळा पडदा आणि लॉगिन आलं तर आत शिरून मेमरी खाणारा प्रोग्रॅम मारता येतो. तेही आलं नाही तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी या कळा दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं दाबा : लिहायचं राहिलेलं डिस्कवर जातं, डिस्क फक्त वाचनासाठी उरते, मशीन पुन्हा सुरू होतं. उबुंटू आणि डेबियन दोन्हींत या तीन कळा मूळ सेटिंगवरच चालतात.

बॅटरी संपून बंद पडलेलं मशीन परत लावलं की कधीकधी नेहमीच्या पडद्याऐवजी ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहून कर्सर लुकलुकत बसतो. घाबरायचं कारण नाही. वरच्या चार ओळींत कुठल्या विभागाची तपासणी हातानं करायला सांगितलंय त्याचं नाव असतं. ‘एफएससीके’ (एफ, एस, सी, के) ही तपासणीची आज्ञा, पुढे आडवी रेघ आणि वाय, पुढे ते नाव. काम झाल्यावर ‘एक्झिट’. दहापैकी नऊ वेळा डेस्कटॉप येतो. दहाव्या वेळी डिस्कच जात असते, तेव्हा आधी फाइली बाहेर काढा.

अपडेटनंतर बूटच होत नसेल तर सुरुवातीला एस्केप टिचकावत राहा, ग्रबच्या (बूट कशावरून करायचं ते निवडायच्या) यादीतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. म्हणूनच जुना कर्नल पुसायचा नसतो. निघायच्या आदल्या दिवशी अपडेट करू नये, आठवडाभर आधी करावं. व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून बूट करवणारं साधन) घातलेला आणि आपल्याच वितरणाची (उबुंटू, डेबियन वगैरे) लाइव्ह प्रतिमा, म्हणजे न बसवता चालणारी प्रत, असलेला ८ जीबीचा पेनड्राइव्ह खिशात असला की उरलेल्या बहुतेक अडचणींना वाट निघते. एफ१२ दाबून त्यावरून बूट करता येतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास सूचना. इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) हा अख्ख्या सिस्टिमचा पहिला कीबोर्ड करून ठेवू नका. डिस्क कूटबद्ध असेल तर बूट होतानाचा पासवर्ड त्याच मांडणीत टाकावा लागतो आणि बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. इंग्रजी पहिला, मराठी आयबसमधून (भाषा बदलायच्या साधनातून). लॉगिनच्या पडद्यावर मांडणी बदललेली दिसली तर सुपर (विंडोजची कळ) आणि स्पेस.

एवढ्या जुन्या मशीनमध्ये घड्याळाची नाणेबॅटरीही म्हातारी झालेली असते. दोन्ही बॅटऱ्या पार उतरल्या की तारीख मागे जाते, सुरू होताना ०२७१ हा आकडा दिसतो आणि मग एकही सुरक्षित पान उघडत नाही. वायफायशी भांडण्याआधी तारीख पाहा.

बोटांच्या ठशाचा सेन्सर सोडून द्या. नेहमीच्या वितरणात तो चालत नाही, बाहेरून ड्रायव्हर आणून चालवावा लागतो आणि त्या खटाटोपाची किंमत वसूल होत नाही. एनव्हिडियाची एमएक्स१५० ही ग्राफिक्स चिप असलेला प्रकार प्रवासासाठी घेऊच नका. कर्नल बदलला की काळ्या पडद्याचं एक कारण वाढतं. १३६६ बाय ७६८ चा पडदाही नको. फुल एचडी आयपीएसवाला निदान कडेनं बघता येतो, उन्हात मात्र तोही फिकाच. प्रोजेक्टरला एचडीएमआय आहे, व्हीजीए नाही. जुन्या सभागृहांसाठी बदलणारा जोड न्या.

उघडणं सोपं आहे. आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एफ१ नं जाऊन आतली बॅटरी निष्क्रिय करायचा पर्याय निवडा, मागची काढा, खालचे स्क्रू साध्या चौफुली स्क्रूड्रायव्हरनं सैल करा. ते झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. कडेनं जुनं एटीएम कार्ड फिरवलं की झाकण सुटतं. मेमरीचे दोन्ही खाचे, वायफाय कार्ड, डिस्क, सगळं समोर असतं. डिस्कच्या जागी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची डिस्क) लावताना केबल आणि ब्रॅकेट त्या प्रकारचेच लागतात, जुन्या साटा प्रकारच्या डिस्कचे चालत नाहीत.

दुकानात किंमत वीस हजारांच्या अलीकडे-पलीकडे सांगतात, घासाघीस होते. पैसे देण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा. चार्जर दोन्ही यूएसबी-सी पोर्टांत आळीपाळीनं लावून टोक हलवून पाहा. यूपॉवरमध्ये दोन्ही बॅटऱ्यांची टक्केवारी वाचा. चार्जर काढा, मागची बॅटरीही काढा आणि मशीन पाच मिनिटं तसंच चालू ठेवा. झाकण मिटा, उघडा, वायफाय परत येतं का बघा. एचडीएमआयला दुकानातलाच एखादा मॉनिटर जोडायला सांगा. पेनड्राइव्ह लावू देत नसतील तर नमस्कार करून निघा, पुढचं दुकान चार पावलांवर असतं.